बाबांच्या दाताची टोपी

गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. एका शनिवारी ऑफिसात रिलीज होतं, दुसऱ्या शनिवारी मी अचलपूरला होतो. आजचा लेख त्या दुसऱ्या शनिवारचा. विषय जरा विचित्र आहे, दाताची कॅप. नाक मुरडू नका, आज ना उद्या तुमच्या नाहीतर तुमच्या आईबाबांच्या तोंडात ती येणारच आहे :)

तर झालं असं. बुधवारी रात्री बाबांचा फोन आला.

"अरे, दाताची टोपी निंगाली. फुटाणे खाऊन रायलो होतो, मले वाटलं खडा हाय. पाह्यलं त टोपी."

तीन वर्षांपूर्वी बाबांच्या खालच्या दाढेचं रूट कॅनल झालं होतं आणि त्यावर कॅप बसवली होती. आत धातू, वर दाताच्या रंगाचं सिरॅमिक. ती निघाली, आणि खालची दाढ कडेने काळी पडून पोखरलेली. रूट कॅनल केलेल्या दाताला संवेदना नसते, त्यामुळे आत तीन वर्षं काय चाललं होतं याचा पत्ता दाताच्या मालकालाही नव्हता.

यावर मी काय केलं? पुण्यात बसणारा कुठलाही मुलगा करेल तेच केलं. म्हटलं, "बाबा, स्वस्तातली धातूची कॅप घेतली म्हणून हे झालं. आता झिरकोनियाची करू. पैशाची काळजी करू नका."

"धातूले कायले दोष देतं?" बाबा म्हणाले. "फिटिंग बराबर नसन."

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. फिटिंग हा त्यांच्या आयुष्याचा विषय. मी मात्र ते बोलणं कानाआड केलं आणि शुक्रवारच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं. पुढच्या दोन दिवसांत कळलं की बाबा बरोबर होते आणि मी नेटवर चार पानं वाचून शहाणा झालेला होतो. ते दोन दिवस नेमकं काय शिकवून गेले ते सांगतो.

परतवाड्याच्या नव्या डॉक्टरांनी (पहिल्या दवाखान्यात बाबा परत जायला तयार नव्हते) दाढ तपासली, एक्स-रे काढला आणि म्हणाले, पोस्ट घालून वाचवता येईल, पण थोडक्यात वाचतेय. मग त्यांनी आगपेटीतून आणलेली जुनी कॅप हातात घेतली, उलटी केली, भिंगाखाली धरली आणि मला बोलावलं. आत वरच्या बाजूला सिमेंटचा जाडजूड थर. बाजूच्या भिंतीवर दोन ठिकाणी घासल्याच्या चकचकीत खुणा. आणि बाहेरून चावण्याचा भाग इतका घासलेला की सिरॅमिकखालचा धातू दिसत होता.

"ही कधी पूर्ण खाली गेलीच नव्हती," डॉक्टर म्हणाले.

बाबांना लगेच आठवलं. कॅप बसवली त्या दिवशी ती "उंच लागते" असं त्यांनी सांगितलं होतं. त्यावर पहिल्या डॉक्टरांनी वरून घासून घासून ती दातांच्या रांगेत आणली. चावताना लागेनाशी झाली, सगळे खूष. पण कॅप उंच नव्हतीच. ती आत अडकून वरच थांबली होती. वरून घासल्यामुळे उंची कमी झाली, खाली हिरडीपाशी राहिलेली फट मात्र तशीच राहिली. त्या फटीतलं सिमेंट हळूहळू विरघळलं आणि तिथून कीड आत गेली.

माझ्या धंद्यात याला एक नाव आहे. प्रोग्राममध्ये एरर आली की ती का आली हे न बघता तिचा मेसेज बंद करून टाकायचा. टेस्टर खूष, मॅनेजर खूष. तीन वर्षांनी कोणाच्या तरी तोंडात फुटाणा येतो.

पण कॅप अडकली का? हे विचारल्यावर डॉक्टर हसले आणि म्हणाले, "ते तुम्ही लॅबवाल्याला विचारा. मी ज्यांच्याकडे काम पाठवतो ते अमरावतीला आहेत. उद्या जाता जाता भेटून या."

मी गेलोच.

कॅप डॉक्टर बनवत नाहीत हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. डॉक्टर दात कोरून निमुळता करतात, त्याचं माप घेतात, आणि ते माप लॅबमध्ये जातं. अमरावतीतली ती लॅब म्हणजे एका घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एका खोलीत पाच-सहा जण वाकून मेणावर काम करत होते, दुसऱ्या खोलीत भट्टी. लॅबचे मालक पन्नाशीचे, सगळी हयात याच कामात गेलेली. त्यांनी मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो.

मापावरून कडक प्लास्टरचा दात करतात. त्यावर मेणाची कॅप घडवतात. ती मेणाची कॅप एका पातळ खळीसारख्या मटेरियलमध्ये बुडवून साचा करतात. लॅबमध्ये या मटेरियलला 'इन्व्हेस्टमेंट' म्हणतात (म्युच्युअल फंडवाली नव्हे!). साचा घट्ट झाला की भट्टीत ठेवायचा. मेण वितळून, जळून निघून जातं, आत कॅपच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत गरगर फिरणाऱ्या मशीनच्या जोरावर वितळलेला धातू फेकायचा. थंड झाला की साचा फोडायचा.

ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. शकुंतला ज्या मूर्तिजापूरहून अचलपूरला यायची, त्याच मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिणीला जुन्या जैन कांस्यमूर्तींचा ठेवा सापडला होता. त्या मूर्ती नागपूरच्या अजब बंगल्यात आहेत. आणि मेण घालवून धातू ओतायच्या या पद्धतीची लेखी कृती बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा हा ग्रंथ. त्यात म्हटलंय की आधी मेण तोलावं, मग तांबं-पितळ असेल तर त्याच्या आठ ते दहापट धातू घ्यावा, चांदी असेल तर बारापट, सोनं असेल तर सोळापट. म्हणजे धातू बदलला की आकडा बदलतो, हे नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फक्त एक मोठा फरक आहे. मूर्तीला कुणावर बसायचं नसतं. ओतल्यावर ती दोन टक्के लहान झाली तर देवाला काय फरक पडतो? कॅपला मात्र दातावर बसायचंय.

दातांच्या कामात ही पद्धत रुळवली शिकागोच्या विल्यम टॅगर्ट या डेंटिस्टने, १९०७ मध्ये. त्याने ओतायचं मशीन केलं, पेटंट घेतलं आणि लोकांकडून पैसे मागायला लागला. पुढे कोर्टात निघालं की आयोवाच्या फिलब्रुक नावाच्या डेंटिस्टने हीच गोष्ट दहा वर्षं आधी मांडली होती. सॉफ्टवेअर पेटंटवाल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. असो. त्या सुरुवातीच्या ओतीव कामांची तक्रार एकच होती, बाकी सगळं उत्तम पण लहान होतात. कारण धातू गोठताना आणि थंड होताना आकसतो.

किती आकसतो? सोन्याचे मिश्रधातू साधारण दीड टक्का. बाबांच्या कॅपमधला निकेल-क्रोम (बोलीभाषेत 'स्टील') आणि कोबाल्ट-क्रोम साधारण २.३ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दाढ असते १० मिलिमीटर रुंद. म्हणजे सोनं १५० मायक्रॉन आकसतं आणि निकेल-क्रोम २३०. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

मग यावर उपाय? धातूचं आकसणं थांबवता येत नाही. म्हणून साचाच तेवढा मोठा करायचा! साच्याच्या मटेरियलमध्ये सिलिका असते, क्वार्ट्झ आणि क्रिस्टोबलाइट या रूपांत. साचा घट्ट होताना थोडा फुगतो आणि तापवला की आणखी फुगतो. क्रिस्टोबलाइट २०० ते २७० अंशांच्या दरम्यान एकदम उडी घेतं, क्वार्ट्झ ५७३ अंशांना. फुगलेल्या साच्यात ओतलेला धातू आकसून बरोब्बर मूळ मापावर येतो. दोन चुका एकमेकींना छेदून बरोबर उत्तर. अट एकच, दोन्ही चुका मोजलेल्या हव्यात.

इथे मला बैलगाडीचं चाक आठवलं. लहानपणी गावात चाकाला लोखंडी धाव चढवताना पाहिली होती. धाव मुद्दाम थोडी लहान करतात, शेणाच्या गोवऱ्यांत लालभडक तापवून लाकडी चाकावर घालतात आणि वरून पाणी ओततात. चर्रर्र आवाज होतो, धाव आकसते आणि चाकाला आवळून धरते. तिथे आकसणं हाच मित्र. कॅपमध्ये उलटं आहे. दात काही लाकडी चाक नव्हे, तापलेली कॅप त्यावर ठोकता येत नाही. ती थंडीच, बोटाच्या दाबाने, सरळ खाली गेली पाहिजे, आणि मधे सिमेंटला जागाही उरली पाहिजे.

आता सोन्याचा साचा स्टीलला चालत नाही. सोन्याचे मिश्रधातू हजार अंशांच्या आतबाहेर वितळतात, त्यांना जिप्समचा साचा पुरतो. निकेल-क्रोम वितळायला तेराशेच्या आसपास जावं लागतं, तिथे जिप्सम टिकत नाही, म्हणून फॉस्फेटवालं मटेरियल वापरतात. ते कालवायला एक खास द्रव येतो. तो पूर्ण वापरला तर साचा जास्त फुगतो, त्यात पाणी मिसळलं तर कमी. म्हणजे द्रव किती आणि पाणी किती, हीच सगळी सेटिंग!

"आन् हे द्रवाचं प्रमाण कुठं लिहिलेलं असते?" मी विचारलं. (तिकडे गेलं की माझी भाषा आपोआप बदलते.)

मालकांनी भिंतीवरचा कागद दाखवला. प्रत्येक मिश्रधातूपुढे पावडर किती ग्रॅम, द्रव किती, पाणी किती, भट्टी किती अंशांवर आणि किती वेळ. शेजारी वही. रोजच्या प्रत्येक साच्याची नोंद.

"हे आमच्याकडे हाय. सगळ्यांकडे नसते दादा," ते म्हणाले. "पोरगं घाईत असलं की अंदाजे पाणी टाकते. द्रव महाग येते ना. मंग साचा फुगत नाई पुरता."

मी जुनी कॅप पुढे केली. त्यांनी दोन मिनिटं निरखली.

"काय झालं असन हे आता सांगता येत नाई. माप हाललं असन, मेण वाकडं झालं असन, नाईतर पाणी जास्त. कोनी लिवून ठेवलं नाई त कसं सांगनार? पन धातू बिचारा काय करन? तो त आकसनारच."

त्यांचं हे वाक्य परतीच्या पूर्ण प्रवासात डोक्यात फिरत होतं. रात्री बसमध्ये मी ढोबळ हिशोब केला. समजा, साचा निकेल-क्रोमला हवा तितका फुगलाच नाही, सोन्याला पुरेल इतकाच फुगला. म्हणजे ०.८ टक्के कमी, १० मिलिमीटरला ८० मायक्रॉन, एका बाजूला ४०. सिमेंटच्या जागेसाठी प्लास्टरच्या दातावर रंगासारखा थर देतात, तो साधारण २५-३० मायक्रॉन. तो वजा केला तरी प्रत्येक बाजूला १० मायक्रॉन कॅप लहानच. केसाचा सातवा भाग! पण दात निमुळता कोरलेला असतो. भिंतीचा उतार ६ अंश धरला तर बाजूला १० मायक्रॉन कमी पडले की कॅप जवळजवळ १०० मायक्रॉन वरच अडकते. बाजूची चूक उभी दहापट होऊन येते. मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर या दोघांनी १९७१ मध्ये हजारावर कामं तपासून कडेच्या फटीची जी व्यवहार्य मर्यादा सुचवली ती होती १२० मायक्रॉन. आजही डेंटिस्ट मंडळी तोच आकडा धरून बोलतात. म्हणजे एका चुकलेल्या मापट्यात सगळं बजेट संपलं. घाईत ओतलेलं थोडं पाणी, आणि बाबांची दाढ.

आणि यात वऱ्हाडचा उन्हाळा अजून धरलेलाच नाही. दातांच्या कामातलं मेण अंशाअंशाला फुगतं, एका अंशाला साधारण ३५० पीपीएम. एसीच्या २४ अंशांत घडवलेली मेणाची कॅप ४४ अंशांच्या खोलीत नेली तर दाढेच्या मापावर ७० मायक्रॉनचा फरक पडतो. आणि भट्टी तापलेली असताना लाइट गेली तर साचा थंड होताना तडकतो, पुन्हा तापवला तरी पहिल्यासारखा फुगत नाही. म्हणून तो कागद, ती वही आणि तो इन्व्हर्टर. त्या दोन खोल्यांत जी शिस्त पाहिली ती आमच्या प्रॉडक्शन सर्व्हरला नाही, खरं सांगतो.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. धातूने काहीच फरक पडत नाही असं मला म्हणायचं नाही. जुने डॉक्टर सोन्याला मान देतात त्याला कारण आहे. ते कमी आकसतं, आणि मऊ असल्यामुळे कड दातावर घोटून आणखी चिकटवता येते. निकेल-क्रोम कडक. चूक झाली की चूक राहिली. काहींना निकेलची अ‍ॅलर्जी असते. काही निकेल मिश्रधातूंत ओतकाम सोपं व्हावं म्हणून बेरिलियम घालत, त्याची वाफ आणि धूळ लॅबमधल्या माणसाच्या फुप्फुसाला घातक. तेव्हा मिश्रधातू कुठला हे जरूर विचारावं. पण सोनं माफ करतं आणि स्टील माफ करत नाही, इतकाच त्याचा अर्थ. शिस्तीने केलं तर स्टीलही बसतं.

मग माझं लाडकं झिरकोनिया? त्यात तर गंमतच आहे. झिरकोनियाची कॅप मशीनवर खडूसारख्या कच्च्या ठोकळ्यातून कोरतात आणि मग भट्टीत भाजतात. भाजताना ती किती आकसते माहितीये? वीस ते पंचवीस टक्के! स्टीलच्या दहापट. तरीही बसते. का? कारण प्रत्येक ठोकळ्यावर त्या बॅचचा आकसण्याचा आकडा छापलेला असतो, तो कॉम्प्युटरला द्यायचा आणि कॉम्प्युटर तेवढी मोठी कॅप कोरतो. तिथे आकडा मटेरियलसोबत प्रवास करतो. तो कुणाच्या अंदाजावर सोडलेला नाही. नव्या तंत्राचा खरा फायदा मला हाच वाटतो. आणि तरी हिरडीखालची कड मापात नीट आली नसेल तर कॉम्प्युटर चुकीची कॅप अतिशय अचूकपणे कोरून देतो. आपल्या क्षेत्रातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा माझं मत, ज्यासाठी एवढं पुराण लावलं ते असं. आपण कॅप घेताना नाव विकत घेतो. स्टील की झिरकोनिया, दहा वर्षांची वॉरंटी की पंधरा. वॉरंटी कार्डावर नवी कॅप मिळते, पोखरलेला दात मिळत नाही. विचारायला हव्यात त्या गोष्टी वेगळ्याच आहेत, आणि त्या विचारायला पैसे पडत नाहीत.

एक, सिरॅमिक चढवण्याआधी धातूची ट्रायल घेणार का? नुसता धातू दातावर बसवून कड तपासली तर चूक तिथेच सापडते. यासाठी एक चक्कर जास्त पडते म्हणून आपणच नको म्हणतो.

दोन, कॅप उंच लागली तर घासण्याआधी ती पूर्ण खाली गेलीय का हे बघा म्हणावं. उद्धटपणे नको, नुसतं विचारावं. चांगला डॉक्टर स्वतःच बघतो.

तीन, मिश्रधातूचं आणि लॅबचं नाव बिलावर लिहून मागावं. १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टने 'डेंटल मेकॅनिक' असा वेगळा वर्ग मानून त्याच्या नोंदणीची तरतूद केली होती. कायद्याला तो दिसला, आपल्याला दिसत नाही. दर वेळी आपण घासाघीस करतो तेव्हा ती शेवटी त्या द्रवाच्या बाटलीत पाणी होऊन उतरते. ज्याचं नाव कागदावर येतं तो वही ठेवतो, आणि ज्याचं कधीच येत नाही त्याने का ठेवावी?

बाबांची नवी कॅप कोबाल्ट-क्रोमची झाली. धातू बदलला तो निकेल नको म्हणून, आकसायला तो तितकाच. पद्धत तीच ओतकामाची. खर्च झिरकोनियाच्या निम्म्याहून कमी. आधी ट्रायल झाली, मग सिरॅमिक. अमरावतीहून परतवाड्याला डबी एसटीच्या पार्सलने आली याचा बाबांना विशेष आनंद आहे.

बसवताना मी फोनवर होतो. डॉक्टरांनी विचारलं, "काका, उंच लागते का?"

थोडा वेळ शांतता. मग बाबांचा आवाज आला, "नाई. बसली."

चाळीस वर्षं फिटिंग केलेल्या माणसाच्या तोंडून. मी फोन ठेवला आणि झिरकोनियासाठी काढून ठेवलेल्या पैशांतून आईबाबांची पुण्याची तिकिटं काढली. येताना फुटाणे घेऊन या म्हटलंय :)